वेणी घालणे

वेणी घालणे : मोकळ्या केसांचे दोन किंवा अधिक भाग करून ते ठरावीक क्रमाने एकमेकांवरून वा एकमेकांखालून नेत गुंफणे. अशा प्रत्येक भागाला पेड म्हणतात. दोरीच्या पिळांनाही हाच शब्द आहे, कारण काम तेच आहे : सुटे, निसरडे धागे एकमेकांत अडकवून त्यांचा एकजीव गोफ करणे. पेडांच्या संख्येवरून तिपेडी, चौपेडी, पाचपेडी अशी नावे पडतात. फिशटेल, डच, कॉर्नरो ही नावे इंग्रजीतून आली. फ्रेंच किंवा डच या नावांवरून त्या वेणीचे मूळ त्या देशात आहे असे मात्र समजू नये.

घरी शिकू पाहणाऱ्याला प्रकारांची लांबलचक यादी पाहून धास्ती वाटते. ती अनाठायी आहे. जवळजवळ प्रत्येक वेणी चार प्रश्नांच्या उत्तरांतून तयार होते : पेड किती, पेड वरून न्यायचा की खालून, वाटेत नवे केस उचलायचे की नाही, आणि हातातले केस मध्येच सोडून द्यायचे की नाही. तिपेडी नीट जमलेल्या हाताला पुढचे बहुतेक प्रकार म्हणजे याच उत्तरांतला बदल. त्यामुळे शिकण्यातला बराचसा वेळ तिपेडीवरच घालवावा.

तिपेडी आणि हातांची सवय

कृती एका वाक्यात सांगता येते : उजवीकडचा बाहेरचा पेड मधल्या पेडावरून आत आणायचा, मग डावीकडचा बाहेरचा पेड नव्या मधल्या पेडावरून आत आणायचा, आणि हेच शेवटपर्यंत. अडचण क्रम लक्षात ठेवण्याची नसते, पेड हातात धरण्याची असते. पेड तीन आणि हात दोन, म्हणजे एका हातात नेहमी दोन पेड असणार. ते दोन पेड तर्जनीने वेगळे ठेवायचे असतात. उजव्या हातात दोन आहेत असे धरू. त्यातला बाहेरचा आत आला की तो डाव्या हाताने उचलायचा. आता डाव्यात दोन आणि उजव्यात एक. मग डाव्यातला बाहेरचा आत, आणि तो उजव्याच्या ताब्यात. मधला पेड असा प्रत्येक वेळी समोरच्या हाताकडे जातो. हे हस्तांतर बोटांत मुरले की डोळ्यांची गरज उरत नाही. नवशिक्या मात्र प्रत्येक ओलांडणीला तिन्ही पेड सोडून पुन्हा धरतो, आणि तिथेच वेणी सैल पडते.

सरावाची सुरुवात डोक्यावर करू नये. लाल, पिवळी आणि निळी अशी लोकरीची तीन जाड पदरे खुर्चीच्या पाठीला बांधावीत आणि त्यांची वेणी घालावी. रंगांमुळे प्रत्येक पेडाचा प्रवास दिसतो आणि चूक लगेच पकडता येते. डावीकडून लाल, पिवळा, निळा असा क्रम असेल, तर सहा ओलांडण्यांनंतर तोच क्रम परत आला पाहिजे. आला नाही, तर कुठेतरी एकाच बाजूने दोनदा पेड आणला गेला आहे. त्या जागी वेणीऐवजी नुसता पीळ दिसतो.

या सहा ओलांडण्यांत गणितही आहे. एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२५ मध्ये वेण्यांचा गणिती सिद्धांत मांडला. त्यात प्रत्येक वेणी म्हणजे शेजारच्या पेडांच्या वरून व खालून होणाऱ्या ओलांडण्यांची एक माळ मानली जाते, आणि दोन वेण्या खरोखर वेगळ्या आहेत की एकच, हे त्या माळांवरून तपासले जाते. लोकरीच्या तिपेडीत सहा ओलांडण्या झाल्यावर प्रत्येक रंगाचे खालचे टोक त्याच रंगाच्या वरच्या टोकाला जोडले, तर तीन कड्या मिळतात. त्यांतल्या कोणत्याही दोन कड्या एकमेकींत अडकलेल्या नसतात, पण तिन्ही मिळून सुटत नाहीत. एक कडी कापली की उरलेल्या दोन आपोआप मोकळ्या होतात. या रचनेला बोरोमियन कड्या म्हणतात. वेणी घालायला हे माहीत असण्याची गरज नाही, पण तीन पेडांत एवढी पकड का असते ते यातून कळते : तिघे मिळून एकमेकांना धरून ठेवतात.

क्रमानंतर येतो ताण, आणि वेणी देखणी दिसणे खरे तर यावरच अवलंबून असते. पेड ओढायचा तो खाली, शेंड्याच्या दिशेने. बाजूला ओढला तर वेणी त्या बाजूला वळते. दोन्ही हातांचा जोर सारखा हवा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा पेड बहुधा जास्त आवळला जातो आणि वेणी डावी-उजवी असमान दिसते. शेंड्याकडे पेड बारीक होत जातात, तिथे ताण किंचित वाढवावा लागतो. ओलांडण्या केसांच्या लांबीचा काही भाग खातात, म्हणून घातलेली वेणी मोकळ्या केसांपेक्षा आखूड भरते. पेड जाड असतील तर फरक अधिक.

स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या डोक्यावर

दुसऱ्याची वेणी घालणे सोपे, स्वतःची अवघड, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर दिसते सगळे, पण केस किती ओढले जात आहेत हे कळत नाही. स्वतःच्या डोक्यावर दिसत काही नाही, पण टाळू लगेच सांगते. स्वतःची वेणी घालताना आरसा सुरुवातीला घात करतो. मागची बाजू पाहण्यासाठी दोन आरसे धरले, की हात एकीकडे आणि प्रतिमा दुसरीकडे असा गोंधळ होतो. भांग पाडायला आणि शेवटी तपासायला आरसा वापरावा. मधले काम स्पर्शावर सोपवावे. हात वर धरून खांदे भरून येतात, त्यामुळे साधी वेणी मानेखाली उतरली की खांद्यावरून पुढे घेऊन पुरी करावी. मात्र अशी वेणी त्याच खांद्याकडे कललेली राहते.

दुसऱ्याच्या डोक्यावर सर्वांत सामान्य चूक म्हणजे हात डोक्यापासून लांब धरणे. मग वेणी टाळूला न चिकटता फुगते. बोटांची मागची बाजू डोक्याला टेकलेली राहील इतके जवळ काम करावे. मानेपाशी पोचल्यावर समोरच्याची मान पुढे वाकलेली असेल, तर मान सरळ करताच तिथला भाग सैल पडून फुगवटा येतो. त्या टप्प्यावर मान सरळ किंवा किंचित मागे ठेवायला सांगावे.

टाळूलगतच्या वेण्या

सागरवेणी, म्हणजे फ्रेंच वेणी, हा बहुतेकांचा पुढचा मुक्काम. कपाळालगतच्या केसांचा त्रिकोणी भाग घेऊन त्याचे तीन पेड करतात आणि एक-दोन साध्या ओलांडण्या घेतात. त्यानंतर बाहेरचा पेड आत आणताना दर वेळी त्याच बाजूची एक बट त्यात मिळवतात. मानेपर्यंत सगळे केस आत आले की उरलेली वेणी साध्या तिपेडीने पुरी होते. बटा सारख्या जाडीच्या हव्यात; पहिल्या बटा जाड घेतल्या तर मागे केस उरत नाहीत. बट नखाने किंवा कंगव्याच्या शेपटीने सरळ रेषेत वेगळी करावी आणि आत घेण्याआधी बोटांनी विंचरावी, नाहीतर वेणीवर केसांच्या सैल कमानी उभ्या राहतात.

हीच वेणी पेड वरून न नेता खालून नेत घातली की डच किंवा उलटी वेणी होते. सुट्या तिपेडीत हा फरक फारसा जाणवत नाही. एकीची पाठ म्हणजे दुसरीचा चेहरा. टाळूवर मात्र तो ठळक दिसतो. सागरवेणीत गुंफण आत दबते आणि पृष्ठभाग सपाट राहतो, तर डच वेणीत गुंफण डोक्यावर दोरखंडासारखी उठून दिसते. माझ्या मते नवशिक्याने आधी डच शिकावी. पेड वर दिसत असल्याने आपण कुठे आहोत ते बोटांना सापडते. प्रथा मात्र उलटी आहे.

बट एकाच बाजूने घेतली तर वेणी कपाळाच्या कडेने वळते. डोक्याभोवती फिरवलेल्या वेण्यांना हीच युक्ती लागते. वॉटरफॉल वेणीत वरच्या बाजूचा पेड आत आणल्यावर खालचा पेड सोडून देतात, तो मोकळा लोंबतो, आणि त्याच्या जागी शेजारची नवी बट घेतात. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘सोडायचे’ असे देणारी ही वेणी आहे, म्हणून ती कधी टोकापर्यंत घट्ट होत नाही.

कॉर्नरो म्हणजे टाळूला चिकटून जाणाऱ्या अरुंद, खालून गुंफलेल्या वेण्यांच्या ओळी. तत्त्व डच वेणीचेच, पण पट्टा अरुंद आणि बट अगदी बारीक. मक्याच्या शेतातल्या ओळींवरून पडलेले हे नाव इंग्रजी. परंपरा आफ्रिकेची, आणि तिथे ती फार जुनी आहे. बॉक्स वेण्यांत भांग चौकोनी पाडून प्रत्येक चौकोनाची सुटी वेणी घालतात, बहुधा कृत्रिम केस मिळवून. या दोन्हींना कित्येक तास लागतात. सगळे कौशल्य भांगाच्या रेषांत असते. गुंफण त्या मानाने सोपी.

पेडांची संख्या बदलणाऱ्या वेण्या

फिशटेल दिसायला सर्वांत गुंतागुंतीची आणि हाताला सर्वांत सोपी. तिला दोनच भाग असतात. एका भागाच्या बाहेरच्या कडेची पातळ बट उचलून ती वरून दुसऱ्या भागाच्या आतल्या कडेला मिळवायची, मग दुसरीकडून तसेच. बटा जितक्या पातळ तितके माशाच्या काट्यासारखे नक्षीकाम रेखीव, आणि वेळही तितकाच जास्त. पिळाच्या वेणीतही दोनच पेड असतात. दोन्ही पेड आधी स्वतंत्रपणे उजवीकडे पिळायचे आणि मग एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळायचे. दिशा विरुद्ध असेल तरच पीळ एकमेकांना अडवून टिकतात. दोन्ही एकाच दिशेने केले तर हात काढताच वेणी उलगडते.

चौपेडीत नेहमी एकाच बाजूचा बाहेरचा पेड घेऊन तो पहिल्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, तिसऱ्याच्या वरून असा पलीकडे नेता येतो. पाचपेडीत बाहेरचा पेड शेजारच्याच्या खालून आणि मधल्याच्या वरून आणून मध्यावर ठेवतात, आळीपाळीने दोन्ही बाजूंनी. वेणी रुंद, चटईसारखी सपाट होते. यापुढे पेड वाढवता येतात, पण बोटे वाढत नाहीत.

केस, पाणी आणि ताण

नुकतेच धुतलेले सरळ केस निसरडे असतात. एक दिवस गेलेल्या केसांची वेणी अधिक टिकते. कुरळे केस एकमेकांना धरून ठेवतात, मात्र विंचरताना ते शेंड्याकडून वर सोडवत न्यावे लागतात. थरांत कापलेल्या केसांची टोके वेणीतून बाहेर डोकावतात. टाळूलगतच्या वेणीत दर ठिकाणी नवी बट मिळत असल्याने ती अशा केसांना साध्या वेणीपेक्षा बरी पडते.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे असतात. त्यातले हायड्रोजन बंध पाण्याने तुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. दमट केसांची वेणी घालून ती पूर्ण वाळल्यावर सोडली तर केसांत लाटा राहतात त्या यामुळे, आणि पुन्हा भिजताच त्या जातात. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून निथळत्या केसांची घट्ट वेणी घालू नये. शिवाय टोकाला नुसते रबर लावण्यापेक्षा कापड गुंडाळलेले बरे. बारीक रबर ओढून काढण्यापेक्षा जपून कापावे.

वेणी जितकी आवळली तितकी चांगली, हा समज मात्र अपायकारक आहे. सततच्या ओढीने होणाऱ्या केसगळतीला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. तिचे पहिले वर्णन १९०७ मध्ये ग्रीनलंडमधील, केस घट्ट ओढून बांधणाऱ्या स्त्रियांच्या निरीक्षणांतून झाले. कपाळाची कड आणि कानशिले यांना आधी झळ पोचते : तिथे दुखणे, लहान पुटकुळ्या, तुटके केस. वेळीच ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिली तर मुळांच्या जागी व्रण होतो आणि ते येत नाहीत. घालतानाच दुखणारी वेणी लगेच सोडून पुन्हा घालावी. दोन-चार दिवसांत सैल होईल, ही समजूत घालू नये.

सोडवणे

रबर काढून वेणी शेंड्याकडून वर बोटांनी उलगडावी, कंगवा त्यानंतर. कॉर्नरो आणि बॉक्स वेण्या साधारण सहा ते आठ आठवड्यांत उतरवाव्यात. त्या सोडल्यावर मूठभर केस हातात येतात आणि घालणारी व घालून घेणारी दोघीही हबकतात. माणसाचे रोज सुमारे ५० ते १०० केस नैसर्गिकपणे गळतात. मोकळे असते तर ते पडून गेले असते, वेणीत ते अडकून राहतात. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस, म्हणजे २,८०० ते ५,६०० केस.