फॉन्ट फॉलबॅक (पूर्व आशियाई अक्षरे)

मजकुरासाठी निवडलेल्या फॉन्टमध्ये एखादे अक्षर नसेल, तर संगणक ते दुसऱ्या फॉन्टमधून परस्पर आणून दाखवतो. याला फॉन्ट फॉलबॅक म्हणतात. छापखान्यात आपल्या पेटीतला खिळा संपला की जुळारी शेजारच्या पेटीतला घेई, तसेच हे. चिनी, जपानी आणि कोरियन मजकुरात ही वेळ वारंवार येते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, चिनी मूळाची, म्हणजे हान, अक्षरे ९०,००० हून अधिक आहेत आणि नेहमीच्या फॉन्टच्या एका फाइलमध्ये जेमतेम ६५,५३५ आकृत्या मावतात. म्हणजे एकाच फॉन्टवर भागवणे मुळातच शक्य नाही.

कुठल्याच फॉन्टमध्ये अक्षर सापडले नाही तर रिकामा चौकोन उमटतो. तो तोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या, वडीसारखा दिसतो म्हणून त्याला ‘तोफू’ म्हणतात. गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टमालेचे नाव ‘नो तोफू’ यावरूनच पडले. चौकोन दिसला म्हणजे मजकूर बिघडला असे नव्हे. तो शाबूत असतो, योग्य फॉन्ट बसवला की वाचता येतो. प्रश्नचिन्हांची रांग मात्र गंभीर, कारण तिथे मूळ अक्षरे बहुधा पुसली गेलेली असतात. भलत्याच अक्षरांचा गिचमिडा दिसला तर संकेतन, म्हणजे साठवलेल्या आकड्यांवरून अक्षरे ओळखण्याची पद्धत, चुकलेले असते. जपानीत त्याला ‘मोजिबाके’ म्हणतात.

खरी अडचण चौकोनाची नाहीच. सगळी अक्षरे उमटतात, पण ती चुकीच्या देशाची असतात, तेव्हा चूक पटकन लक्षात येत नाही. युनिकोडने चीन, जपान व कोरियातील समान मूळाच्या अक्षरांना एकच क्रमांक दिला. वळण ठरवणे फॉन्टवर सोडले. मराठी वाचकाला हे नवे नाही. आपला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचे क्रमांक हिंदीतल्या ल-श यांचेच आहेत. गोव्यात मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत चालतात, तिथेही हिंदी वळणाचा फॉन्ट लागला की तो ‘ल’ डोळ्यांत खुपतो. जपानी माणसाला चिनी वळण तसेच खुपते.

जुने गोवे येथील बॉम जेझू बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. झेवियर हयातीत, १५४९ मध्ये, जपानला पोहोचले होते. समजा, जपानी पाहुण्यांसाठी पणजीतल्या एखाद्या डीटीपी केंद्रात या बॅसिलिकाचे माहितीपत्रक जुळवायचे आहे. त्यात ‘अस्थी’ या अर्थाचा ‘इकोत्सु’ हा शब्द येणारच. त्यातल्या हाडाच्या अक्षरात वरच्या भागात एक छोटा कोपरा असतो. जपानी वळणात तो उजवीकडे, चीनमधील प्रमाण वळणात डावीकडे. रेघाही अनुक्रमे १० आणि ९. संगणकाची भाषा इंग्रजी किंवा मराठी असेल तर हा मजकूर जपानी की चिनी, याचा त्याला सुगावा नसतो. यादीत जो फॉन्ट आधी, त्याचेच अक्षर तो उचलतो.

याहून कुरूप प्रकार ‘सेइदो’, म्हणजे प्रार्थनामंदिर, या शब्दात दिसतो. चीनच्या १९८० च्या जीबी २३१२ प्रमाणापुरतीच, म्हणजे ६,७६३ हान अक्षरे असलेल्या फॉन्टमध्ये ‘दो’चे अक्षर असते, पण ‘सेइ’चे पारंपरिक अक्षर नसते, कारण चीनने त्याचे सोपे रूप स्वीकारले. मग दोन अक्षरी शब्दातले एक अक्षर जाड, दुसरे बारीक, कधी ओळीची उंचीही हललेली! अशा पत्रकावर पाहुण्यांचे स्वागत छापू नये, असे प्रस्तुत लेखकाला कळकळीने वाटते.

उपाय अवघड नाही. वर्ड प्रोसेसरमध्ये तेवढ्या मजकुराची भाषा जपानी अशी नोंदवावी. वेबपानावर भाषेच्या खुणेत ‘जेए’ (ja) द्यावे. फॉन्टच्या यादीत जपानी फॉन्ट चिनीच्या आधी ठेवावा. अॅडोबी आणि गूगल यांनी २०१४ मध्ये मिळून काढलेला, ‘सोर्स हान सान्स’ व ‘नोटो सान्स सीजेके’ या दोन नावांनी मिळणारा फॉन्ट मोफत आहे. त्यात प्रदेशागणिक वेगळी वळणे आहेत, म्हणून बसवताना जपानी आवृत्तीच निवडावी. छपाईला पीडीएफ देताना फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत करावेत, नाहीतर छापखान्याचा संगणक पुन्हा आपल्या पेटीतले खिळे लावतो.