काटा खाली आला म्हणजे इंजिन गार झालं असं नाही

मे महिन्यात कशेडी घाट चढताना आमच्या डिझेल गाडीचा टेंपरेचरचा काटा लालकडे सरकला, आणि दोन वळणं गेली नाहीत तोच एकदम खाली आला. मामेभाऊ म्हणाला, बघ झाली गार. मी पण खूश. सहज हीटर लावला तर थंड वारा, मग मात्र पोटात गोळा आला.

कारण हीटरला गरमी इंजिनातल्या कूलंटचीच (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या मिश्रणाची) मिळते, वारा थंड म्हणजे तिथवर कूलंट पोचतच नाहीये. आणि काट्याला तापमान सांगणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो, पातळी खाली गेली की तो हवेत लोंबकळतो आणि कमी तापमान दाखवतो, इकडे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तापतच असतं. लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली, पाऊण तास थांबलो, रेडिएटरची कॅप गार झाल्यावरच उघडली. 3 लिटर पाणी गेलं आत!

घरी येऊन आधी सेन्सरवरच संशय. हा प्रकार साधा असतो, आत थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे विजेला होणारा अडथळा (रेझिस्टन्स) बदलणारा तुकडा, तापला की रेझिस्टन्स कमी होतो. साधारण 20 अंशाला अडीच किलोओहम, 80 ला 300 ओहमच्या आसपास, गाडीप्रमाणे थोडा फरक. जुन्या पातेल्यात पाणी तापवत त्यात सेन्सरचं टोक बुडवलं, पिनांना मल्टिमीटर लावला, आकडा न अडखळता उतरत गेला म्हणजे सेन्सर ठणठणीत (चहाचं पातेलं घेऊ नका, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं).

वायरिंगचं पण गणित सोपंय. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सरला 5 व्होल्ट देऊन बसलेला असतो, वायर तुटली की त्याला वाटतं रेझिस्टन्स अफाट, म्हणजे बाहेर बर्फ, आणि ईसीयूचे आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर उणे 40 दिसतं. भर उन्हाळ्यात उणे 40 दिसलं तर इंजिन खोलायचं नाही, सेन्सरचा कपलर (वायरीचा जोड) बघायचा. आणखी एक, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट करायच्या आधी कूलंट आणि इनटेक (इंजिनात ओढली जाणारी) हवा, दोन्हीचं तापमान स्कॅनरवर जवळपास सारखं दिसलं पाहिजे, 15-20 अंशांचा फरक असेल तर दोघांपैकी एक सेन्सर खोटं बोलतोय.

आमचं सगळं बरोबर निघालं. चोर निघाली रेडिएटरची कॅप, तिचं रबर कडक होऊन चिरलेलं. ही कॅप नुसतं झाकण नसते, ती साधारण 1 बार प्रेशर धरून ठेवते आणि त्यामुळे कूलंट 120 अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. प्रेशर गेलं की निम्मं पाणी निम्मं कूलंटवालं मिश्रण 107-108 लाच उकळतं आणि घाटात लोड आला की ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर.

तरी मेकॅनिक म्हणालाच, "व्हॉल्व्ह काढून टाकू का, कधीच तापणार नाही." व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. डिझेल इंजिन आधीच लोड नसताना उशिरा तापतं, त्यात थर्मोस्टॅट नसला की ते थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये उतरतं, ॲव्हरेज पडतं. तपासायचाच तर सकाळी गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होसवर (रबरी पाइपवर) हात ठेवा, बराच वेळ गार राहून मग अचानक तापला तर थर्मोस्टॅट चांगला, पहिल्यापासून हळूहळू तापत गेला तर उघडा अडकलाय.

आमचा अचानकच तापला, हात झटकन मागे घ्यावा लागला. कॅप तेवढी नवी टाकली.