शेतकरी कामगार पक्षातील फूट व नेतृत्वसंघर्ष (सातारा-सांगली)

शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) या महाराष्ट्रातील डाव्या पक्षात स्थापनेनंतरच्या पहिल्या बारा-तेरा वर्षांत पडलेल्या फुटी, त्यामागचे वाद आणि सातारा-सांगली भागावर झालेले त्यांचे परिणाम यांचा विचार या नोंदीत केला आहे. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. पक्षात भांडलेली आणि एकमेकांपासून दुरावलेली बहुतेक माणसे या वाटणीच्या आधीच्या एकाच चळवळीत वाढलेली असल्याने दोन्ही जिल्ह्यांचा इतिहास इथे एकत्र घेतला आहे.

ही चळवळ म्हणजे प्रतिसरकार, लोकांच्या तोंडी पत्री सरकार. १९४३ ते १९४६ या काळात कृष्णाकाठच्या शेकडो गावांत इंग्रजी अंमल नावापुरता उरला. न्यायदान मंडळे तंटे सोडवत, तुफान सेना हे प्रतिसरकारचे स्वयंसेवक दल गावगुंडांचा आणि खबऱ्यांचा बंदोबस्त करी, हुंड्याशिवाय आणि बँडबाजाशिवाय लग्ने लागत. तलाठ्याची नोकरी सोडून आलेले येडेमच्छिंद्रचे नाना पाटील हे या सरकारचे सर्वांत मोठे नाव. पण हे सरकार एकट्याच्या हुकमावर चालत नव्हते. कुंडलला जी. डी. बापू लाड, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडी, वाईकडे किसन वीर असे प्रत्येक टापूचे आपले पुढारी, आपली माणसे, आपले भूमिगतांचे आसरे होते. पोलिसांना ही चळवळ मोडता आली नाही ती याच विखुरलेल्या रचनेमुळे. पुढे पक्ष एकसंध राहिला नाही, त्याचेही एक मूळ इथेच सापडते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ज्याने आपल्याला भाकरी दिली, लपवले, ज्याच्या शब्दावर आपण घर सोडले, त्याच्या मागे माणूस जात राहिला. पक्षाचे नाव त्यानंतर आले.

या मातीत त्याहून जुना एक थर होता. सत्यशोधक समाजाचे जलसे आणि १९२० च्या आसपासचा कुळांचा असंतोष यांमुळे शेटजी-भटजींविरुद्धची भाषा साताऱ्याच्या खेड्यांत रुळलेली होती. केशवराव जेधे याच ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये आलेले. स्वातंत्र्य दाराशी आले तेव्हा काँग्रेसचे राज्य शेतकऱ्याचे असणार की व्यापाऱ्याचे आणि पांढरपेशांचे, हा प्रश्न शंकरराव मोरे, जेधे, तुळशीदास जाधव, भाऊसाहेब राऊत यांनी काँग्रेसच्या आतच विचारायला सुरुवात केली. ऑगस्ट १९४७ मध्ये काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार पक्षाची उभारणी झाली. १९४८ च्या सुरुवातीला काँग्रेसने आपल्या आतल्या अशा पोटपक्षांना मनाई केल्यावर त्याच वर्षी हे लोक काँग्रेसबाहेर पडले.

शेकापच्या फुटीचा इतिहास सांगताना सहसा १९५१ पासून आरंभ करतात. साताऱ्यात मात्र पहिली फूट १९४८ ची मानली पाहिजे. कराडचे यशवंतराव चव्हाण बहुजन शेतकरी कुटुंबातले, बेचाळीसच्या लढ्यातले, मोरे-जेध्यांच्या तक्रारी ज्यांना चांगल्या ठाऊक होत्या असे. तरीही ते काँग्रेसमध्येच राहिले. किसन वीरही राहिले. नाना पाटील बाहेर पडले. एका रात्री एकाच शेतात लपलेली माणसे दोन पक्षांची झाली. या भागात शेकापची काँग्रेसशी झालेली लढत ही सुरुवातीपासून घरातली लढत होती आणि तिला भावकीच्या वादाची धार होती.

पुढचा वाद विचारसरणीचा होता. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. हा दस्तऐवज ‘दाभाडी प्रबंध’ या नावाने ओळखला जातो. त्याचे वैशिष्ट्य असे की मार्क्सवाद मान्य करूनही पक्ष भारतीय कम्युनिस्ट पक्षापासून वेगळाच राहिला. सातारकरांच्या दृष्टीने या वेगळेपणाला फार खरा अर्थ होता. जर्मनीने सोव्हिएत रशियावर चढाई केल्यावर कम्युनिस्ट पक्षाने दुसऱ्या महायुद्धाला लोकयुद्ध ठरवले आणि बेचाळीसच्या लढ्याला विरोध केला. तेव्हा इथली पोरे रेल्वे अडवत होती, गोळ्या खात होती. ही जखम साधी नव्हती. मार्क्सचा विचार हवा, पण बेचाळीसला पाठ फिरवणारा पक्ष नको, अशी सोय दाभाडीने करून दिली.

तरीही पेच सुटला नाही. जेधे आणि त्यांच्यासारखे अनेक जण ब्राह्मणेतर राजकारणातून आलेले, त्यांना शेतकऱ्याचा पक्ष हवा होता. दुसऱ्या बाजूला दत्ता देशमुख यांच्यासारखे आणि नवजीवन संघटनेतून आलेले शिस्तबद्ध मार्क्सवादी होते. लोकयुद्धाच्या प्रश्नावरच कम्युनिस्ट पक्षापासून दूर झालेल्या या गटाला कामगार-शेतमजुरांवर उभा राहणारा पक्ष घडवायचा होता. शेतकरी म्हणजे कोण, पाच एकरवाला की पन्नास एकरवाला, आणि त्याच्या शेतात राबणाऱ्याने कोणाच्या झेंड्याखाली यायचे, हा खरा प्रश्न होता. निर्णय कोणी घ्यायचा, सरचिटणीसाने की लोकांत मिसळणाऱ्या पुढाऱ्याने, हा प्रश्न त्याच्या आडून पुढे आला. १९५१ मध्ये पक्ष फुटला. दत्ता देशमुख आणि नाना पाटील यांच्याभोवतीचे लोक कामगार किसान पक्षात गेले. नवजीवन गटाचा पुढचा प्रवास लाल निशाण या वेगळ्या डाव्या पक्षापर्यंत झाला, तर नाना पाटील त्याच दशकात कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले.

नाना पाटलांचा हा निर्णय सातारा-सांगलीच्या डाव्या राजकारणातली सर्वांत अवघड गोष्ट आहे आणि तिच्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. बेचाळीसच्या लढ्याचे साक्षात प्रतीक असलेला माणूस बेचाळीसला विरोध केलेल्या पक्षात जातो, याचा उलगडा केवळ पोथीने होत नाही. शेतमजूर आणि गरीब शेतकरी यांच्या बाजूने शेवटपर्यंत ठाम राहील असा संघटित पक्ष त्यांना दुसरीकडे दिसला नसावा. त्यांची लोकप्रियता या बदलाने आटली नाही. १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून ते कम्युनिस्ट म्हणून लोकसभेवर निवडून आले. १९६२ मध्ये साताऱ्याची हीच जागा काँग्रेसकडे आणली ती किसन वीरांनी, त्यांच्या प्रतिसरकारमधल्या सोबत्याने. नाना पाटील १९६७ मध्ये बीडमधून पुन्हा लोकसभेत गेले. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पक्षाचे संस्थापक नेतेही थांबले नाहीत. १९५२ मध्ये सोलापुरातून शेकापचे खासदार झालेले मोरे काँग्रेसमध्ये परतले. जेधे १९५४ मध्ये परतले आणि १९५७ ला काँग्रेसतर्फे बारामतीतून लोकसभेवर गेले. नेते परत गेल्यावरही गावचा कार्यकर्ता खटारा या निशाणीला धरून राहिला, हे शेकापचे मोठे बळ म्हणावे लागेल. लोक एकमेकांना ‘भाई’ म्हणत आणि त्या शब्दात खरी आपुलकी असे.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने काही काळ सगळे मतभेद झाकले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत शेकाप आणि कम्युनिस्ट एकाच मांडवात आले. त्या निवडणुकीत मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण कराडमध्ये शेकापच्या केशवराव पवारांविरुद्ध जेमतेम निवडून आले. शेजारच्या कराड दक्षिणेत शेकापचे यशवंतराव मोहिते विजयी झाले. पण १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य मिळाले आणि एकत्र ठेवणारी मागणीच संपली. चव्हाणांनी बेरजेचे राजकारण, म्हणजे विरोधकांना काँग्रेसमध्ये सामावून घेणे, सुरू केले. रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते त्याच सुमारास काँग्रेसमध्ये गेले आणि पुढे मंत्री झाले. शेकापमध्ये या जाण्याला गद्दारी म्हटले गेले. चव्हाणांची बाजू अशी होती की सहकार, कूळकायदा, सिंचन ही शेतकऱ्याची कामे सत्तेतूनच होणार. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. मात्र कृष्णाकाठचा बागायतदार शेतकरी शेकापच्या हातून निसटला तो याच वर्षांत. साखर कारखाना, सोसायटी, जिल्हा बँक यांच्या साखळीत जो शिरला, त्याला विरोधी पक्षात राहणे परवडेनासे झाले.

यानंतरच्या पिढीचे नेतृत्व ढवळीचे (ता. वाळवा) एन. डी. पाटील यांच्याकडे आले. १९४८ मध्ये पक्षात आलेला हा कार्यकर्ता अखेरपर्यंत शेकापमध्येच राहिला. सरचिटणीस म्हणून त्यांनी पक्ष सांभाळला, १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या मंत्रिमंडळात ते सहकारमंत्री होते. मेहुणे शरद पवार मुख्यमंत्री असताना सत्तेत जायचे आणि नंतर त्यांच्याच धोरणांविरुद्ध रस्त्यावर उतरायचे, ही कसरत त्यांनी निष्ठेला बाध न आणता केली. सत्तेत किती जायचे हा शेकापमधला कायमचा वाद मात्र त्यांनाही मिटवता आला नाही.

बाकीच्यांनी आपापली वाट काढली. जी. डी. बापूंच्या प्रेरणेने कुंडलला क्रांती साखर कारखाना उभा राहिला. नागनाथअण्णांनी वाळव्याला हुतात्मा किसन अहीर कारखाना काढला, पक्षाच्या चौकटीबाहेर आपली संघटना उभी केली आणि १९८५ मध्ये ते अपक्ष म्हणून विधानसभेवर गेले. कासेगावच्या भारत पाटणकरांची श्रमिक मुक्ती दल ही डाव्या विचाराचीच, पण जुन्या पक्षांहून वेगळी फांदी. १९९३ पासून आटपाडीला भरणाऱ्या पाणी परिषदांत सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी समन्यायी पाणीवाटपाची मागणी झाली. तिथे नागनाथअण्णा, पाटणकर आणि सांगोल्याचे शेकाप आमदार गणपतराव देशमुख असे वेगवेगळ्या वाटांनी आलेले लोक एका व्यासपीठावर बसले. कृष्णेचे पाणी उचलून माणदेशाच्या शिवारात न्यायचे, एवढ्या एका मागणीवर त्यांच्यात मतभेद नव्हता.