प्राचीन सांगाडे : आहार व अस्थिआरोग्य

उत्खननात सापडलेल्या मानवी हाडांवरून व दातांवरून त्या काळच्या लोकांचे खाणेपिणे, वाढ, कुपोषण आणि आजार यांचा माग काढणारा अभ्यास. महाराष्ट्रात त्याचे मुख्य केंद्र पुण्याच्या येरवड्यातील डेक्कन कॉलेज असून तेथे अभ्यासलेल्या साहित्यात इनामगावच्या सांगाड्यांचे मोल फार मोठे आहे.

इनामगाव (ता. शिरूर, जि. पुणे) हे घोड नदीकाठचे ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची व दगडाची हत्यारे वापरणाऱ्या काळातले) खेडे इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदत होते. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आदी पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ दरम्यान तेथील पांढरी (जुन्या वस्तीचे टेकाड) खणली. दगावलेले मूल दोन मडक्यांत घालून, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून, ती घराच्याच जमिनीखाली पुरत. सापडलेल्या सांगाड्यांत मुलांचेच अधिक आहेत. अभ्यासकाच्या दृष्टीने हा साठा अमूल्य आहे, कारण उपासमारीचा घाव आधी वाढत्या हाडावर बसतो.

जळक्या दाण्यांवरून गावात सातू, गहू, मसूर, कुळीथ होते हे कळते. कोणाच्या ताटात काय पडले, ते मात्र हाडादातांनाच विचारावे लागते. सुभाष वाळिंबे व जॉन लुकाच या अभ्यासकांनी येथील मुलांचे दुधाचे सुळे तपासले. काही सुळ्यांच्या ओठाकडच्या बाजूला एनॅमलमध्ये (दातावरच्या कठीण आवरणात) छोटा, गोलसर खड्डा दिसतो. आईच्या वा बाळाच्या आहारात कमतरता असली की हिरडीतल्या सुळ्यावरचे हाडाचे कवच नीट भरत नाही. मग बाळ तोंडात काही घालून चावू लागले, की आत घडत असलेल्या दाताला इजा होते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. एनॅमल पुन्हा भरून येत नसल्याने खूण कायम राहते.

मुडदुसाने वाकलेली पायांची हाडे आणि डोळ्यांच्या खोबणीच्या छतावरची सच्छिद्रता, जी बहुधा रक्तक्षयाशी जोडली जाते, याही नेहमीच्या खुणा. पिठूळ अन्न वाढले की सहसा दातकीड वाढते. रासायनिक तपासणीत कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) ज्वारी, बाजरी, नाचणी खाणारे आणि गहू, तांदूळ खाणारे वेगळे ओळखता येतात. नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून मुलाचे अंगावरचे दूध कधी तुटले याचा अंदाज येतो. नायट्रोजनसाठी हाडातले कोलॅजेन हे प्रथिन लागते आणि आपल्या उष्ण हवामानात ते अनेकदा नष्ट झालेले असते.

या खुणा वाचताना घाई करू नये. हाडावर खूण उमटायला आजारात काही काळ तग धरावा लागतो. झटकन गेलेल्या मुलाचे हाड निर्दोष दिसते. १९९२ पासून हा ‘अस्थिविरोधाभास’ म्हणून चर्चेत आहे. इनामगावच्या उत्तर जोर्वे काळात, म्हणजे वस्तीच्या शेवटच्या टप्प्यात (इ.स.पू. १००० ते ७००), घरे लहान झाली, शिकार वाढली. ढवळीकरांनी याचे कारण अवर्षण मानले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या हाडांची वाढ मोजून २०११ मध्ये त्या मांडणीची फेरतपासणी केली.