काटा लाल रेषेवर: थर्मोस्टॅट अडकला की हेड गॅस्केट गेले?

जुनी गाडी घाटात गरम होऊन थांबली आणि मालक बॉनेट उघडून बाजूला उभा राहिला, की त्याला हमखास दोन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, "वॉल्व्ह अडकला असेल," म्हणजे थर्मोस्टॅट. दुसरा म्हणतो, "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल." दोघांनीही पाहिलेला पुरावा एकच असतो, तो म्हणजे लाल रेषेला टेकलेला तापमानाचा काटा. पहिल्या दुरुस्तीला काही शे रुपये आणि तासाभराचा वेळ पुरतो. दुसरीत इंजिनाचा वरचा भाग उतरवून लेथवाल्याकडे न्यावा लागतो, खर्च हजारांत जातो आणि गाडी काही दिवस गॅरेजमध्येच अडकते. आमची 1998 ची मारुती 800 खंबाटकीच्या चढावर अशीच तापली, तेव्हा एका गॅरेजवाल्याने रेडिएटरचे झाकणही न उघडता गॅस्केटचे निदान केले होते. ते कसे पडताळून पाहिले, ते पुढे येईलच.

मुळात हे दोन बिघाड एकमेकांच्या उलट आहेत. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी लहानशी झडप. पाणी साधारण 82 ते 88 अंश सेल्सियसला पोहोचले की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि तापलेले पाणी ते थंड करणाऱ्या रेडिएटरकडे जाऊ लागते. झडप बंद अवस्थेत अडकली, तर इंजिनातली उष्णता इंजिनातच कोंडून राहते. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला पातळ थर. सिलिंडरमधला ज्वलनाचा वायू, ऑइल आणि पाणी यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे हे त्याचे काम. तो सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये फाटला, तर प्रत्येक स्फोटाबरोबर वायू पाण्यात घुसतो आणि पाण्याला बाहेर ढकलतो. म्हणजे एका बिघाडात पाणी अडलेले असते, तर दुसऱ्यात पाण्यात नको ते शिरलेले असते. काट्याला हा फरक कळत नाही. त्याला फक्त उष्णता कळते. तीही नेहमी कळते असे नाही, कारण पाणी संपून सेन्सर वाफेत उघडा पडला की काटा खाली येतो आणि चालकाला वाटते, संकट टळले.

म्हणून काट्याआधी घड्याळ पाहावे. बंद अडकलेला थर्मोस्टॅट वेळेचा पक्का असतो. थंड गाडी सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, सपाट रस्त्यावर आणि थंडीच्या सकाळीसुद्धा, काटा न थांबता वर जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच वेळात जातो. गॅस्केटचा बिघाड, निदान सुरुवातीला तरी, लहरी असतो. शहरात आठवडाभर गाडी गुण्यागोविंदाने चालते आणि घाटात किंवा भरधाव महामार्गावर, इंजिनावर जोर पडला की तापते, कारण फट लहान असताना वायूला पाण्यात शिरायला सिलिंडरमधला जास्त दाब लागतो. मात्र चढावर तापणारी प्रत्येक गाडी गॅस्केटचीच असेल असे नाही; आतून गाळाने भरलेला रेडिएटरही नेमका जोर पडल्यावरच उघडा पडतो.

दुसरी खूण होज पाइपची, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणाऱ्या रबरी नळीची. बहुतेक जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅट इंजिनातून पाणी बाहेर पडते तिथे, म्हणजे वरच्या होजच्या तोंडाशी बसवलेला असतो. काटा वर गेलेला असताना इंजिन बंद करून, पंख्यापासून हात दूर ठेवून, वरच्या होजला आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीला जपून बोट लावून पाहावे. इंजिन भाजत असताना ही दोन्ही कोमट लागली, तर झडप उघडलेलीच नाही. ज्या गाडीत पंख्याचा स्विच रेडिएटरच्या टाकीत असतो, तिथे गंमत अशी होते की इंजिन उकळत असूनही पंखा सुरू होत नाही, कारण रेडिएटरपर्यंत गरम पाणी आलेलेच नसते. मग बिचाऱ्या पंख्याची मोटर बदलली जाते. गॅस्केट गेलेल्या गाडीत होज गरम तर असतेच, शिवाय फार लवकर कडक होते. थंड इंजिन सुरू करून मिनिट-दोन मिनिटांत, पाणी तापायच्या आतच, होज टायरसारखी टणक झाली, तर तो दाब वाफेचा असू शकत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण सकाळी उघडताना "फुस्स" असा आवाज आला, तर त्याचाही अर्थ बहुधा तोच.

गाडीत हीटर असेल तर त्यालाही विचारावे. हीटरची वाट सहसा थर्मोस्टॅटच्या अलीकडून निघते, म्हणून झडप अडकलेली असताना हीटर कडकडीत गरम हवा फेकतो आणि तो पूर्ण सुरू केल्यावर काटा थोडा खालीही येतो. गॅस्केटमधून शिरलेला वायू हीटरच्या नळ्यांत साचला, तर काटा लाल रेषेवर असताना आत थंड हवा येते. पाणी कमी झाले असेल किंवा वॉटर पंप फिरत नसेल तरीही असेच घडते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

खरा निवाडा मात्र पाण्याच्या पातळीवर होतो आणि त्यासाठी धीर लागतो. थर्मोस्टॅट पाणी खात नाही. उकळून रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीवाटे बाहेर गेले असेल तेवढेच कमी होते. गॅस्केट गेलेल्या गाडीत मात्र जमिनीवर थेंब न पडता, हीटर गळून गाडीतले कार्पेट ओले न होता पाणी दर दोन-चार दिवसांनी कमी होते. ते सिलिंडरमध्ये वाफ होऊन सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराच्या रूपाने निघते, आणि कूलंट घातलेले असेल तर त्या धुराला गोडसर वास येतो. थंडीच्या सकाळी पहिली काही मिनिटे प्रत्येक गाडी वाफ सोडते. इंजिन पूर्ण तापल्यावरही धूर पांढराच राहिला तर शंका घ्यावी. ज्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते त्याचा स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, आणि सकाळी सुरू करताना गाडी काही क्षण मिसिंग मारते, म्हणजे अडखळत चालते.

बुडबुड्यांची चाचणी घरी करता येते, पण इंजिन पूर्ण थंड असतानाच. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे तोंडावर उकळते पाणी घेणे आहे, कारण 0.9 किलो दाबाच्या झाकणाखाली पाणी सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही आणि झाकण सैल होताच एकदम उसळते. थंड रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण न लावता इंजिन सुरू करावे. सुरुवातीचे बुडबुडे एअर लॉकचे, म्हणजे आत अडकलेल्या हवेचे असू शकतात. ते हळूहळू थांबतात. ॲक्सिलरेटर वाढवला की वाढणारे आणि कितीही वेळ वाट पाहिली तरी न थांबणारे बुडबुडे सिलिंडरमधून येतात. चांगल्या गॅरेजमध्ये याच तोंडावर निळे द्रव भरलेली नळी धरतात. पेट्रोल गाडीत ज्वलनाचा वायू आला तर ते द्रव पिवळे पडते. कम्प्रेशन तपासताना शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी आला, तर गॅस्केट त्या दोघांच्या मधल्या पट्टीवर फाटल्याचा दाट संशय घ्यावा.

एका खुणेवर मात्र लोक गरजेपेक्षा जास्त विसंबतात. ऑइलच्या झाकणाखाली साचलेला दुधी साका पाहून अनेक हेड विनाकारण उतरली आहेत. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, हवेतल्या बाष्पानेही तसा साका धरतो. डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइलही दुधाच्या चहासारखे दिसत असेल तरच काळजी करावी, आणि मग गाडी सुरूही करू नये. उलट, ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट शाबूत आहे, असेही ठरत नाही. फट फक्त पाण्याच्या वाटेत असेल तर ऑइलला काहीच होत नाही.

घोटाळा वाढतो तो या दोन बिघाडांच्या नात्यामुळे. अडकलेल्या थर्मोस्टॅटकडे दुर्लक्ष करून गाडी दोन-तीनदा उकळवली की ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि मग गॅस्केट खरोखरच जाते. अशा वेळी केवळ गॅस्केट बदलून, हेडचे फेसिंग न करता (वाकलेला पृष्ठभाग सपाट करून न घेता) आणि जुनाच थर्मोस्टॅट ठेवून गाडी जोडली, तर ती महिन्याभरात पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभी राहते. आपल्याकडे आणखी एक खास उपाय चालतो: "इथे कुठे बर्फ पडतो? वॉल्व्ह काढूनच टाका." हा सल्ला मला मुळीच पटत नाही. झडप नसलेले इंजिन पुरेसे तापत नाही, पेट्रोल जास्त पिते, ऑइलमधले बाष्प उडून जात नाही. आणि मुख्य म्हणजे गॅस्केटची बारीक गळती असेल तर ती थंडीभर झाकली जाते आणि मे महिन्यात, बहुधा घाटातच, उघडकीला येते.

आमच्या गाडीचा वरचा होज कोमट होता, बुडबुडे थांबले होते आणि काटा दर वेळी बाराव्या-तेराव्या मिनिटाला वर जात होता. थर्मोस्टॅट काढून दोऱ्याला बांधला आणि जुन्या पातेल्यात पाणी तापवून, बुडाला टेकणार नाही असा लटकवला. शेजारी थर्मामीटर धरला. त्याच्यावर 82 हा आकडा कोरलेला होता. 82 गेले, 90 गेले, पाणी उकळले तरी झडप मिटलेलीच. पुण्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते, पण 82 ची झडप पूर्ण उघडायला तेवढे भरपूर आहे. शेजारी नवी झडप लटकवली, ती 80 च्या पुढे किंचित हलली आणि 95 ला पूर्ण उघडली. तरीही गाडी दोनदा उकळली होती, म्हणून गॅस्केटला निर्दोष ठरवायची घाई केली नाही. बाटलीवर मार्करने रेघ ओढली आणि रोज सकाळी, इंजिन थंड असताना पातळी पाहिली. पहिल्या दोन दिवसांत ती बोटभर खाली आली, कारण आत अडकलेली हवा निघत होती. तेवढे पाणी भरले. त्यानंतरचे पंधरा दिवस पाणी रेघेवरच होते, आणि हेड उतरवावे लागले नाही.