गुलाबाची बोंडे : तोडणी आणि वापर

आमच्या रोपवाटिकेतून गुलाब नेलेले ग्राहक पुष्कळदा विचारतात, की झाड फुलांनी लगडते, मग त्याला एकही बोंड, म्हणजे गुलाबाचे फळ, का धरत नाही? बहुतेक वेळा याचे कारण आपल्या हातातील कात्री हेच असते. सुकलेले फूल छाटल्याने झाडाला नवी फुले येतात हे खरे, परंतु बोंड धरते ते फुलाच्या तळाशी, आणि तो भागच छाटला गेल्यावर बोंड यायचे कुठून? म्हणून हंगामातील शेवटच्या बहराची फुले झाडावरच सुकू द्यावीत.

दुसरे कारण जातीचे असते. दाट पाकळ्यांच्या फुलांत बरेचसे पुंकेसर पाकळ्यांत रूपांतरित झालेले असतात आणि कित्येक संकरित वाण मुळातच वांझ असतात, त्यामुळे त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. 5 पाकळ्यांचे साधे फूल देणाऱ्या जातींना मात्र बोंडे सहज धरतात. रोझा रुगोसाची बोंडे लहान टोमॅटोसारखी गोल, किंचित चपटी व गरदार असतात. रोझा कॅनिनाची लांबट आणि बारीक असतात. खाण्यासाठी बोंडे हवी असतील, तर आम्ही रुगोसाच सुचवू.

ज्या झाडावर शोभेच्या झाडांसाठीचे कीटकनाशक किंवा बुरशीनाशक फवारले असेल, त्याची बोंडे खाऊ नयेत. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनते, त्यामुळे बोंडे कितीही धुतली तरी ते निघून जात नाही.

बोंड पूर्ण लाल किंवा गडद नारिंगी झाले आणि दाबल्यावर किंचित मऊ लागले, की ते तोडावे. काळवंडलेली किंवा लिबलिबीत झालेली बोंडे सोडून द्यावीत. थंड प्रदेशात पहिले हिम पडल्यावर बोंडे मऊ होतात. तसे हवामान नसल्यास रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवूनही तोच परिणाम साधतो.

बोंड उभे चिरले, की आत टणक बियांभोवती बारीक, ताठ केसांची दाट लव दिसते. काळजी घ्यायची ती या लवेची, कारण ती घशाला व आतड्यांना टोचते आणि त्वचेला खाज आणते. पहिल्या खेपेस आम्ही आख्खी बोंडे मिक्सरमधून काढून साध्या गाळणीने गाळली आणि संध्याकाळपर्यंत सगळे खाकरत बसलो. तेव्हापासून आम्ही हातमोजे घालून, चमच्याच्या देठाने लव व बिया खरवडून काढतो आणि बोंडांच्या फोडी वाहत्या पाण्याखाली धुतो.

सरबताच्या पाकासाठी बोंडे साफ करण्याचा खटाटोप टाळता येतो, मात्र गाळण्यात हयगय चालत नाही. 500 ग्रॅम बोंडे ठेचून लगेच 1 लिटर उकळत्या पाण्यात टाकावीत, एक उकळी आल्यावर आच बंद करून 15 मिनिटे झाकून ठेवावीत आणि दुहेरी मलमलीतून, कापड न पिळता, गाळावीत. मग स्वच्छ कापडातून पुन्हा एकदा गाळावे. त्यात 300 ग्रॅम साखर घालून 5 मिनिटे उकळावे व उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. भांडे स्टीलचे घ्यावे. तांब्याच्या किंवा लोखंडी भांड्यात क जीवनसत्त्व लवकर नष्ट होते, आणि फार वेळ उकळल्यानेही ते घटते. या जीवनसत्त्वासाठीच दुसऱ्या महायुद्धात, संत्र्यांची आयात जवळजवळ थांबल्यावर, ब्रिटनमध्ये रानगुलाबाची बोंडे गोळा करून मुलांसाठी पाक बनवला गेला होता.

चहासाठी बोंडांच्या साफ केलेल्या फोडी सावलीत, हवेशीर जागी, मोडल्यावर कट् आवाज येईपर्यंत वाळवाव्यात.

उरलेल्या बिया ओलसर वाळूत मिसळून सुमारे 4 अंश सेल्सिअस तापमानात 2 ते 3 महिने ठेवल्यास त्यांतील काही रुजतात. पण संकरित गुलाबाच्या बीपासून आलेले रोप मूळ झाडासारखेच निघेल असे नसते; तोच गुलाब हवा असल्यास कलम लावावे.