चौतीस ‘तू’ असलेलं साम्राज्य

त्सोल्यानूच्या भाषेत समोरच्याला ‘तू’ म्हणायचं तर ३४ सर्वनामांतून एक निवडावं लागतं. आपलं तू, तुम्ही, आपण या तिघांवर भागतं, तरीही सासरी आलेली नवी सून आणि कचेरीत रुजू झालेला नवा कारकून पहिले चार दिवस क्रियापदं गिळत बोलतात. त्सोल्यानूत ती सोय नाही. माणूस कुठल्या कुळाचा, कुठल्या देवळाचा, दरबारी हुद्दा काय, आणि या घडीला आपलं त्याच्याशी काम कसलं, हे ठरल्याशिवाय वाक्य सुरूच होत नाही. चुकीचं सर्वनाम निघालं तर तो अपमान ठरतो आणि अपमानाची किंमत मोजावी लागते.

हे साम्राज्य कुठल्या नकाशावर सापडणार नाही. टेकुमेल नावाच्या कल्पित ग्रहावरच्या पाच मोठ्या राज्यांपैकी ते एक. नाव बघून इंग्रजी वाचक अडखळतो. मराठी माणसाला मात्र ‘चोर’ आणि ‘चमचा’ यांतला च म्हटला की काम झालं. ‘त्स’ म्हणजे जवळपास तोच. कल्पित राज्यांची वर्णनं अनेकांनी लिहिली आहेत. त्यांत राजवाडे, लढाया आणि वंशावळी भरपूर असतात. तिथला माणूस शेजाऱ्याशी भांडला तर पुढे काय होतं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्सोल्यानूत ते सांगितलेलं आहे, कारण ते रचणारा माणूस कादंबरीकार होण्याआधी भाषाशास्त्रज्ञ होता.

त्याचं नाव एम. ए. आर. बार्कर. जन्म १९२९ चा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचा. मूळ नाव फिलिप. मनातल्या मनात जग रचण्याचा छंद लहानपणापासूनचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो भारतात आला आणि इथेच त्याने इस्लाम स्वीकारला. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात त्याने ओरेगॉनमधल्या क्लॅमथ या आदिवासी भाषेवर संशोधन केलं. तिचा कोश १९६३ साली आणि व्याकरण १९६४ साली छापून आलं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात असताना सहकाऱ्यांसोबत उर्दूचा आणि बलुचीचा अभ्यासक्रम तयार केला. १९७२ साली तो मिनेसोटा विद्यापीठात आला आणि दक्षिण आशियाई भाषा शिकवू लागला.

मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत तेव्हा पटावरच्या लढायांचे खेळ खेळणाऱ्यांचा मोठा अड्डा होता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे प्रत्येकाने एका पात्राची भूमिका घेऊन बोलत बोलत खेळायचा खेळ, १९७४ साली निघाला, त्याच्या दोन कर्त्यांपैकी डेव्ह आर्नेसन याच मंडळींतला. तो खेळ पाहून बार्करला सुचलं की आपल्या डोक्यात इतकी वर्षं मुरलेलं जगही असं खेळता येईल. त्याच वर्षी त्याने नियम लिहून घरगुती प्रती काढल्या. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या टीएसआर कंपनीने १९७५ साली ते ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या नावाने छापले. पेटल थ्रोन म्हणजे पाकळ्यांचं सिंहासन. या जातीच्या खेळांत, इतकं तपशीलवार जग सोबत घेऊन आलेला हा पहिलाच म्हणायला हरकत नाही.

खेळाची सुरुवातच बोलकी आहे. खेळणारा राजपुत्र नसतो, योद्धाही नसतो. जकाल्ला बंदरात लहानशा होडीतून उतरलेला तो एक अडाणी परदेशी असतो. त्याला परदेशी वस्तीतच राहावं लागतं आणि रीतभात शिकल्याखेरीज शहरात फिरणं जिवावर बेतू शकतं. मला ही युक्ती फार हुशारीची वाटते. अमेरिकन पोराला या समाजाचे नियम माहीत असणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याचं अज्ञानच बार्करने त्याची भूमिका करून टाकलं. मात्र हीच युक्ती खेळाच्या मुळावरही आली. तलवार उपसायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी शिष्टाचाराची शिकवणी लावली की बरेचजण दारातूनच परततात. टेकुमेलचे चाहते कायम मोजके राहिले.

या समाजाचा कणा म्हणजे कूळ. भावकी, पेढी आणि पतसंस्था एकत्र बांधल्यावर जे होईल ते. कुळाचा मोठा वाडा असतो, धंदा बहुधा पिढीजात असतो. मूल कुळाचं, कर्ज कुळाचं, अब्रूही कुळाची. कुळांत उच्चनीच आहे आणि ते सगळ्यांना पाठ असतं. एखाद्याने दुसऱ्याला दुखावलं, मारलं किंवा नुसतं शब्दाने हिणवलं, तर ‘शाम्त्ला’ म्हणजे भरपाई ठरते. रक्कम ठरवताना जखम किती खोल यापेक्षा जखम झालेला कोण, याला वजन जास्त. ती भागली की प्रकरण मिटलं. भरपाई नाकारली तर द्वंद्वाची वाट मोकळी. सरकारने पकडलेल्या सामान्य गुन्हेगाराच्या वाट्याला मात्र सूळ.

यात चांगलं-वाईट असं मोजमापच नाही. कृत्य ‘थोर’ असतं किंवा ‘हीन’. आपल्या कुळाला, देवाला आणि स्थानाला साजेसं वागणं म्हणजे थोर. म्हणजे एका देवाच्या पुजाऱ्याने नरबळी देणं थोर आणि दुसऱ्याने तेच करणं हीन, असा न्याय इथे चालतो. बाईच्या बाबतीत एक चमत्कारिक तरतूद आहे. एरवी ती कुळाच्या छत्राखाली असते. पण अधिकाऱ्यांपुढे जाऊन तिने आपण ‘अरिदानी’ आहोत असं जाहीर केलं की कायद्याने ती पुरुषाच्या बरोबरीची होते. पलटणीत जाऊ शकते, स्वतःच्या नावावर व्यवहार करू शकते आणि गुन्ह्याची शिक्षाही स्वतःच भोगते. १९७५ साली, मुख्यतः पोरांसाठी छापलेल्या खेळात ही कलमं होती हे विसरू नये.

आता सरकार. सम्राट अवंथार नावाच्या गडावर राहतो आणि एकदा सिंहासनावर बसला की तिथून बाहेर पडत नाही. सामान्यांना त्याचं दर्शन नाही. राज्य चालतं ते बे स्यू या राजधानीतल्या चार ‘महालां’तून: एक मुलकी कारभाराचा, एक युद्धाचा, एक परराज्यांचा आणि एक देवळांचा. अष्टप्रधान पाठ असलेल्या वाचकाला सेनापती, सुमंत आणि पंडितराव इथे ओळखीचे वाटतील, पण तो योगायोग. दरबारी नोकरशाही कुठलीही घ्या, लढाई, वकिलात आणि धर्म ही खाती निघायचीच. या चौघांच्या शेजारी ‘सर्वशक्तिमान निळी पलटण’ आहे. नावाला पलटण, कामाला हेरखातं. ती थेट सम्राटाची माणसं, आणि बाकीचे चारही महाल तिला वचकून असतात.

वारसाची निवड हा या राज्यघटनेतला सर्वांत भयंकर भाग. थोरल्याने गादी घ्यायची असा नियम नाही. सम्राटाची मुलं वेगवेगळ्या कुळांत आणि देवळांत वाढवली जातात, काहींचा जन्म तर वर्षानुवर्षं गुप्त ठेवतात. सम्राट गेला की ‘कोलुमेजालिम’ भरते आणि दावेदारांच्या कसोट्या होतात. जिंकेल तो गादीवर, हरतील ते बळी. ज्याला ही जोखीम नको त्याने आधीच ‘सोनं सोडायचं’, म्हणजे गादीवरचा हक्क जाहीरपणे टाकायचा. भाऊबंदकीची यादवी टाळायचा हा उपाय क्रूर आहे, पण त्यामागे एक हिशेब आहे: प्रत्येक राजपुत्रामागे एक देऊळ आणि काही कुळं पैसा लावून असतात, त्यामुळे राजसत्तेवर आपलाही डाव आहे असं सगळ्याच बड्यांना वाटत राहतं. हा हिशेब कुठे कोसळतो तेही बार्करने पुढे खेळता खेळता दाखवलं. एकसष्टावा सम्राट हिरकाने गेल्यावर धिच’उने या राजपुत्राने ही रीत मोडून सिंहासन बळकावलं आणि साम्राज्य यादवीत गेलं.

रस्ते आणि शहरं यांबद्दल लिहिताना बार्करचा हात सैल सुटतो. टेकुमेलवर लोखंड दुर्मिळ आहे, म्हणून चिलखतंसुद्धा च्लेन नावाच्या जनावराच्या कमावलेल्या कातड्याची. घोडे नाहीतच. हुकूम, धान्य आणि फौज, सगळं पायी. म्हणून भिंतीसारखे उंच ‘साक्बे’ रस्ते साम्राज्यभर पसरलेले आहेत. त्यांना तीन पायऱ्या असतात आणि वरची पायरी बड्यांसाठी राखीव. रस्त्यावरसुद्धा हुद्दा दिसतो. ‘साक्बे’ हा शब्द मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचा. तिथे त्याचा अर्थ पांढरा रस्ता, आणि असे उंचावलेले रस्ते मेक्सिकोतल्या युकातानात आजही पाहायला मिळतात.

‘दित्लाना’ ही रीत त्याहून नामी. दर पाचशे वर्षांनी शहर पाडायचं, बुजवायचं आणि त्यावर नवं उभारायचं. जुनी देवळं, थडगी आणि तळघरं जमिनीखाली तशीच राहतात. या खेळांत खेळाडूंना उतरायला भुयारं लागतात. बाकीच्यांनी ती कुठेही खोदून ठेवली, बार्करने त्यांच्यामागे एक धर्मविधी उभा केला.

देवांची यादी लांब आहे, ती सगळी देत नाही. दहा देव आणि प्रत्येकाचा एक जोडीदार. त्यांतली अर्धी मंडळी स्थैर्याच्या बाजूची, अर्धी परिवर्तनाच्या. त्यांच्या देवळांनी उघड भांडू नये यासाठी एक करार आहे, म्हणून ती छुपी भांडतात. कालगणना ३० दिवसांच्या १२ महिन्यांची आणि वर पाच जादा दिवसांची. आपल्याकडच्या पारशी पंचांगात गाथांचे पाच दिवस असतात, तसंच. लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाते. वर्षानुवर्षं गुरुवारी रात्री बार्करच्या घरी एक गट खेळत असे, आणि यातलं बरंच त्या बैठकींत घडत गेलं. टेकुमेलवरची त्याची पहिली कादंबरी १९८४ साली आली. २०१२ साली तो वारला.

पुढची गोष्ट सांगायला नको वाटते, पण ती टाळून या साम्राज्याची पार्श्वभूमी पुरी होत नाही. १९९१ साली अमेरिकेत एक नाझीधार्जिणी कादंबरी टोपणनावाने निघाली होती. ती बार्करनेच लिहिली होती, असं टेकुमेलचे हक्क सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानने २०२२ साली जाहीर केलं. ज्यूंचा नरसंहार झालाच नाही असं मांडणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावर १९९० च्या दशकात त्याचं नाव होतं, हेही पुढे आलं. गोऱ्या सरदारांच्या युरोपी छापाच्या कल्पनाविश्वात भारत, अरबस्तान, इजिप्त आणि माया यांच्या सावल्या आणणारा, सावळ्या माणसांचं साम्राज्य उभं करणारा हाच माणूस. दोन गोष्टींचा मेळ घालायचा प्रयत्न अनेक चाहत्यांनी केला. काहींनी पुस्तकं कपाटातून काढून टाकली.

मी त्यानंतर त्सोल्यानूचे कायदे पुन्हा वाचले. शाम्त्लाचे दर, सूळ, हरलेल्या राजपुत्रांचे बळी. आधी त्यांतल्या मानववंशशास्त्र्याच्या थंड नजरेचं कौतुक वाटायचं: न्याय करू नका, फक्त टिपा. आता त्याच पानांवर मला गुलामांची यादी आधी दिसते. त्यांच्यासाठी त्या ३४ सर्वनामांतलं कुठलं वापरायचं, हेही तिथे ठरवून दिलेलं आहे.